सकाळी नऊपर्यंतचे कुरण : प्रॉस्पेक्ट पार्कमधील मोकळ्या कुत्र्यांचे प्रकरण

न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील प्रॉस्पेक्ट पार्क या ५२६ एकरांच्या सार्वजनिक उद्यानात रोज पहाटे पाच ते सकाळी नऊ आणि रात्री नऊ ते एक या वेळांत ठरावीक हिरवळींवर पाळीव कुत्र्यांना लीश, म्हणजे मालकाच्या हातातील दोरी, काढून मोकळे सोडता येते. उरलेला सगळा वेळ त्यांना लीशवरच ठेवावे लागते. ही सोय आज एखाद्या जुन्या वहिवाटीसारखी सुरळीत चालते. मात्र ती वीसेक वर्षे केवळ अधिकाऱ्यांच्या मर्जीवर टिकून होती, २००६ मध्ये तिच्या विरोधात न्यायालयात दावा दाखल झाला, आणि त्या दाव्यामुळेच तिला अखेर नियमाचे स्वरूप मिळाले. एकाच जागेवर अनेकांचा हक्क असताना जागेची वाटणी न करता वेळेची वाटणी केली, तर ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

आधी जागेविषयी. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या जोडीने मॅनहॅटनमधील सेंट्रल पार्कनंतर प्रॉस्पेक्ट पार्कची आखणी केली आणि १८६७ मध्ये ते लोकांसाठी खुले होऊ लागले. उद्यानाच्या पश्चिम बाजूस लाँग मेडो नावाचे सुमारे नव्वद एकरांचे, जवळजवळ एक मैल लांबीचे गवताळ कुरण आहे. त्याला लागूनच पार्क स्लोप ही वस्ती आहे. एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या तांबूस दगडी घरांच्या तिथे रांगाच रांगा आहेत, त्यांतील बरीच घरे आतून मजल्यामजल्यांच्या सदनिकांत विभागलेली आहेत, आणि मागचे अंगण असलेच तर ते बहुधा तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या वाट्याला येते. वरच्या मजल्यावर लॅब्राडॉर किंवा शिकारी जातीचा कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाला त्याला मनसोक्त धावू देण्यासाठी उद्यानाखेरीज दुसरी जागा नसते. गंमत अशी की याच कुरणावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मेंढ्या चरत असत. प्राणी या हिरवळीला नवे नाहीत.

शहराचा मूळ नियम मात्र कडक होता आणि आजही आहे. आरोग्य संहितेनुसार सार्वजनिक ठिकाणी कुत्रा सहा फुटांपेक्षा जास्त लांब नसलेल्या लीशने बांधलेला असला पाहिजे. १९७८ च्या ऑगस्टपासून कुत्र्याची विष्ठा मालकाने स्वतः उचलावी, असा राज्याचा कायदाही लागू झाला. आज हा कायदा आपल्याला साधा वाटतो, पण त्या काळी त्याची बरीच थट्टा झाली होती. माझ्या मते पुढच्या साऱ्या घडामोडींचा पाया याच कायद्याने घातला. पदपथ आणि हिरवळी घाण असत्या, तर कुत्र्यांना मोकळीक देण्याची भाषा कोणत्याही अधिकाऱ्याने उच्चारली नसती.

ती भाषा उच्चारली हेन्री स्टर्न यांनी. ते १९८३ ते १९९० आणि पुन्हा १९९४ पासून काही वर्षे शहराचे उद्यान आयुक्त होते, आणि त्यांचा बूमर हा गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा शहरात बराच प्रसिद्ध होता. मोठ्या उद्यानांत रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळेत कोणी कुत्रा मोकळा सोडला, तर रक्षकांनी दंडाची पावती फाडू नये, असे धोरण त्यांच्या कारकिर्दीत रूढ झाले. कागदावर नियम तसाच राहिला. फक्त त्या वेळेपुरती त्याची अंमलबजावणी थांबली. कुत्रे पाळणारे याला सौजन्याची वेळ म्हणू लागले. सौजन्य म्हणजे हक्क नव्हे, ते कधीही काढून घेता येते, याची जाणीव प्रॉस्पेक्ट पार्कमधील नियमित येणाऱ्यांना होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील श्वानपालकांनी ‘फायडो’ या नावाची संघटना उभी केली ती याच जाणिवेतून. रक्षकांनी पट्टा आवळण्याआधीच आपण शिस्त लावून घ्यावी, हा तिचा साधा हिशेब होता.

या टप्प्यावर एक प्रश्न साहजिक आहे. कुंपण घातलेली स्वतंत्र जागा, म्हणजे न्यू यॉर्ककर ज्याला डॉग रन म्हणतात ती, का पुरेशी ठरली नाही? शहरातील पहिली डॉग रन १९९० मध्ये मॅनहॅटनमधील टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये सुरू झाली आणि त्यानंतर अशा अनेक जागा तयार झाल्या. त्यांचा उपयोग निर्विवाद आहे, विशेषतः जिथे उद्यान लहान आणि रस्ता जवळ आहे तिथे. पण कुंपणाची जागा आकाराने लहान असते, तिथे गवत टिकत नाही म्हणून खडी किंवा भुसा टाकावा लागतो, आणि मालक कडेच्या बाकावर बसून मोबाईलमध्ये गुंतला की कुत्र्यांकडे कोणाचेच लक्ष नसते. नवा कुत्रा फाटकातून आत शिरताना आतले सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि भांडणे बहुतेक तिथेच जुंपतात. विस्तीर्ण कुरणावर माणसे चालत राहतात, कुत्रे त्यांच्याबरोबर पुढे सरकत राहतात, आणि ज्या दोघांचे पटत नाही त्यांना एकमेकांपासून दूर जायला वाव असतो. म्हणून कुंपण हे कुरणाला पर्याय आहे असे मला वाटत नाही. ती दोन वेगळ्या गरजांची वेगळी उत्तरे आहेत.

विरोध मात्र ब्रुकलिनमधून नव्हे, तर क्वीन्समधून आला. मिडल व्हिलेज या वस्तीतील जुनिपर व्हॅली पार्क सुमारे पंचावन्न एकरांचे आहे. तेथील जुनिपर पार्क सिव्हिक असोसिएशन या नागरिक संघटनेने २००६ मध्ये शहराविरुद्ध दावा दाखल केला. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. आरोग्य संहिता लीश सक्तीची करते, तिच्यात सकाळ-संध्याकाळ असा भेद नाही, मग उद्यान खात्याला तोंडी धोरणाने कायदा बाजूला ठेवण्याचा अधिकार कोणी दिला? सकाळी लवकर फिरायला येणारे वृद्ध आणि मुले यांना मोकळ्या कुत्र्यांची भीती वाटते, ही त्यामागची व्यथा होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पंचावन्न एकरांत खेळाची मैदाने, चालण्याची वाट आणि मुलांची जागा वजा केली, तर उरणारे गवत लाँग मेडोच्या तुलनेत किती असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. नऊ ते नऊ हीच वेळ दोन्ही उद्यानांना लावली, पण दोन्हींचा विस्तार मात्र एक नव्हता.

नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस न्यायालयाने हा दावा फेटाळला आणि उद्यान आयुक्तांचा असा निर्णय घेण्याचा अधिकार मान्य केला. शहराने मात्र एवढ्यावर थांबणे योग्य मानले नाही. दावा चालू असतानाच आरोग्य मंडळासमोर संहितेत दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव आला होता, आणि डिसेंबर २००६ मध्ये मंडळाने तो संमत केला. उद्यान आयुक्त ठरवतील त्या जागी आणि त्या वेळी लीशच्या नियमाला अपवाद करता येईल, असे त्यातून स्पष्ट झाले. पुढे उद्यान खात्याने स्वतःच्या नियमावलीत बदल केला आणि मे २००७ मध्ये तो अमलात आला. त्या वेळी एड्रियन बेनेपी उद्यान आयुक्त होते आणि मायकेल ब्लूमबर्ग महापौर. शहराच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादांपैकी सर्वांत वजनदार मुद्दा असा होता की ज्या काळात ही सौजन्याची वेळ पाळली गेली, त्याच काळात शहरातील नोंदवलेल्या श्वानदंशांची संख्या वाढण्याऐवजी मोठ्या प्रमाणात घटली. घट केवळ या सवलतीमुळे झाली असा त्याचा अर्थ नाही, आणि तसा दावा करणेही चुकीचे ठरेल. सवलतीमुळे चावे वाढतात हा आक्षेप मात्र त्याने निकालात निघाला.

दावा हरलेल्या संघटनेने खरे तर एक मोठे काम करून दिले, असे माझे मत आहे. तोंडी सवलतीला अटी नसतात. लेखी नियमाला त्या घालाव्याच लागतात. २००७ च्या नियमानुसार मोकळ्या कुत्र्याच्या गळ्यात परवान्याचा बिल्ला आणि रेबीज लसीकरणाचा बिल्ला असावा लागतो, मालकाने दोन्हींचा पुरावा जवळ बाळगावा आणि मागितल्यावर दाखवावा लागतो, आणि कुत्रा पूर्णपणे त्याच्या ताब्यात असावा लागतो. मुलांची क्रीडांगणे, चेंडूची मैदाने, खेळांची कोर्ट, कारंजी अशा ठिकाणी ही मुभा कधीच नसते. परवान्याची वार्षिक फी नसबंदी केलेल्या कुत्र्यासाठी साडेआठ डॉलर आणि न केलेल्यासाठी चौतीस डॉलर आहे. या फरकातून शहराला काय हवे आहे ते न सांगता कळते. सौजन्याच्या काळात बिनापरवाना कुत्रा आणणाऱ्याला विचारायला कोणालाच आधार नव्हता. नियम झाल्यावर तो आधार मिळाला.

रेबीजच्या अटीवर एवढा भर का, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. पण न्यू यॉर्कमध्ये त्याचे कारण वेगळे आहे. तिथे रस्त्यावर बेवारस कुत्र्यांच्या टोळ्या नाहीत, धोका आहे तो रॅकून या निशाचर प्राण्याचा. २००९ च्या अखेरीपासून सेंट्रल पार्क आणि आसपासच्या शंभराहून अधिक रॅकूनना रेबीज झाल्याचे आढळले आणि शहराला त्या प्राण्यांना पकडून लस टोचण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. पहाटेच्या अंधारात झुडपात नाक खुपसणारा मोकळा कुत्रा अशा प्राण्याच्या अगदी जवळ जाऊ शकतो. येथेच आपल्याकडच्या कुटुंबांना लागू पडणारी एक बाब नोंदवतो. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र भारताला कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजच्या दृष्टीने अधिक जोखमीच्या देशांत गणते. त्यामुळे पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्याला आपला कुत्रा बरोबर न्यायचा असेल, तर ऑगस्ट २०२४ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे कुत्र्याचे वय किमान सहा महिने असणे, त्याच्या त्वचेखाली मायक्रोचिप असणे आणि लसीकरणाची विहित कागदपत्रे असणे या गोष्टींची तयारी बरीच आधी सुरू करावी लागते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे. प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये लाँग मेडो, नेदरमीड आणि पेनिन्सुला या तीन हिरवळींवरच कुत्रे मोकळे सोडता येतात. घरापासून हिरवळीपर्यंत आणि परत जाताना लीश लावलेलीच असावी लागते. याचे व्यावहारिक कारण म्हणजे उद्यानाला वळसा घालणारा सव्वातीन मैलांहून थोडा अधिक लांबीचा रस्ता. जानेवारी २०१८ पासून त्यावर खासगी मोटारींना कायमची बंदी आहे, पण सायकलस्वार आणि धावणारे यांची वर्दळ पहाटेपासून असते. वेगात येणाऱ्या सायकलपुढे अचानक कुत्रा आला, तर दोघांचेही हाड मोडण्याची शक्यता असते. लीश नेमकी कुठे काढायची आणि कुठे लावायची, हे नवख्या मालकाने सर्वांत आधी शिकून घ्यावे.

घड्याळाची मर्यादा ऋतूंप्रमाणे उघडी पडते. नियमात दोन वेळा सारख्या दिसतात, व्यवहारात त्या मुळीच सारख्या नाहीत. जूनमध्ये न्यू यॉर्कला सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, त्यामुळे सकाळी साडेतीन तासांचा उजेड मिळतो. जानेवारीच्या आरंभी सूर्योदय सातनंतर वीसेक मिनिटांनी होतो, आणि मग नऊ वाजेपर्यंत जेमतेम पावणेदोन तास उरतात. रात्रीची वेळ तर बाराही महिने अंधारातच सुरू होते, कारण ऐन उन्हाळ्यातही सूर्यास्त साडेआठच्या सुमारास झालेला असतो. परिणामी सारी गर्दी सकाळच्या काही तासांत एकवटते, हिवाळ्यात तर ती आणखी दाटते, आणि गळ्यात लुकलुकणारे दिवे बांधलेले कुत्रे धुक्यात धावताना दिसतात. नोकरदाराला हे जमते. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी पोहोचणाऱ्या परिचारिकेला किंवा भल्या पहाटे दुकान उघडणाऱ्याला ते जमत नाही. नियम सर्वांसाठी एकच असला, तरी दिवसाचे वेळापत्रक सर्वांचे एकसारखे नसते, हा या व्यवस्थेतील न बोलला गेलेला भेदभाव आहे.

नऊ वाजताचा क्षण हा तंट्याचा क्षण असतो. पावणेनऊला बागेत पोहोचलेला मालक नऊ वाजून दहा मिनिटांनीही कुत्र्याला हाका मारत असतो, आणि तेवढ्यात लहान मुलाला घेऊन आलेल्या आईचा संयम संपतो. रक्षकांची संख्या एवढ्या मोठ्या उद्यानाला पुरेल इतकी कधीच नसते. इथे ‘फायडो’सारख्या संघटनेचे महत्त्व कळते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी कुरणाजवळ श्वानपालकांना एकत्र बोलावून, त्यांना कॉफी आणि कुत्र्यांना खाऊ देण्याचा तिचा उपक्रम वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. पण अनोळखी माणसाने घड्याळ दाखवले तर राग येतो. ओळखीच्या माणसाने दाखवले तर लीश लगेच लागते. नवख्यांना हेच लोक सांगतात की उन्हाळ्यात सोमवारी सकाळी गवतात कोंबडीची हाडे शोधत फिरणाऱ्या कुत्र्यावर अधिक लक्ष ठेवावे, कारण रविवारच्या सहलींचे उष्टे तिथेच पडलेले असते.

वेळेची वाटणी हिरवळीवर चालते, झाडीत चालत नाही. प्रॉस्पेक्ट पार्क पक्ष्यांच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या स्थलांतर मार्गावर येते, आणि वसंत व शरद ऋतूंत जमिनीवर चरणारे पक्षी तिथल्या रानात उतरतात. त्यांच्या दाणे टिपण्याची वेळ पहाटेचीच असते, म्हणजे नेमकी कुत्र्यांच्या मोकळिकीची. माणसांना नऊनंतर या असे सांगता येते, पक्ष्यांना नाही. शिवाय रॅव्हीन या दरीतील वनराई अनेक वर्षे खपून पुन्हा उभी केलेली आहे, आणि उतारावर उगवलेली कोवळी रोपे एकदा तुडवली गेली की माती पावसाबरोबर वाहून जाते. म्हणून झाडीत कुत्रा चोवीस तास लीशवर ठेवावा लागतो. सेंट्रल पार्कमधील रॅम्बल या पक्षीनिरीक्षकांच्या आवडत्या रानालाही हाच नियम आहे. २५ मे २०२० रोजी तिथे लीश लावा असे सांगणाऱ्या एका कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकाविरुद्ध कुत्र्याच्या गोऱ्या मालकिणीने पोलिसांना फोन केला, आणि त्याची ध्वनिचित्रफीत जगभर गेली. लीश लावायला कोण कोणाला सांगू शकतो, हा प्रश्न प्रत्येक वेळी फक्त कुत्र्याचा नसतो.

पाण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. लाँग मेडोच्या कडेला एका तळ्याच्या काठावर कुत्र्यांसाठी राखून ठेवलेली पोहण्याची जागा आहे. तिला डॉग बीच म्हणतात. उद्यानातील तळी आणि प्रवाह यांना शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या पुरवठ्यातून पाणी मिळते. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू नये म्हणून त्या पुरवठ्यात फॉस्फेट मिसळलेले असते. माणसासाठी ते सुरक्षित आहे, पण साचलेल्या उथळ तळ्यात तेच फॉस्फेट शेवाळाचे खत बनते. उन्हाळ्यात पाणी तापले की सायनोबॅक्टेरिया या निळ्या-हिरव्या, शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांची साय धरते आणि त्यांतील काही प्रकार विष तयार करतात. माणूस त्या पाण्यापासून दूर राहतो. कुत्रा ते पितो, त्यात पोहतो आणि बाहेर येऊन स्वतःचे अंग चाटतो, त्यामुळे त्याच्या पोटात जाणारी मात्रा प्राणघातक ठरू शकते. अशा वेळी कुत्र्यांना पाण्यात उतरू न देण्याशिवाय मार्ग उरत नाही. १९८७ पासून शहराबरोबर उद्यानाची देखभाल करणाऱ्या प्रॉस्पेक्ट पार्क अलायन्स या संस्थेने पाणवनस्पतींच्या मदतीने फॉस्फरस शोषून घेणाऱ्या गाळणीचा प्रयोग हाती घेतला आहे. येथे ना घड्याळ कामाचे, ना शिस्त. हा प्रश्न रसायनाचा आहे आणि तो त्याच पातळीवर सुटू शकतो.

महाराष्ट्रातील शहरांना या प्रकरणातून काय घेता येईल, याचा विचार करताना मला घाई धोक्याची वाटते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये रहिवासी संघटनांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बागांमधून पाळीव प्राण्यांना सरसकट हद्दपार करणे अदूरदर्शी ठरवले आहे आणि श्वानपालकांशी बोलून फिरवण्याच्या वेळा ठरवता येतील, असेही सुचवले आहे. म्हणजे वेळेच्या वाटणीची कल्पना आपल्याकडे कागदावर आहे. अडचण घड्याळाची आहे. पुण्यातील अनेक उद्याने दुपारी बंद असतात आणि सकाळचे दोन-तीन तास ज्येष्ठ नागरिक, योगासने करणारे आणि हास्यक्लब यांनी भरून गेलेले असतात. ब्रुकलिनमध्ये जी वेळ रिकामी म्हणून कुत्र्यांना दिली, तीच आपल्याकडे सर्वांत गजबजलेली असते. आणि जी वेळ खरोखर रिकामी असते, त्या दुपारच्या उन्हात कुत्र्याला धावायला लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्यात बाहेरच्या गल्लीतील भटक्या कुत्र्यांच्या हद्दी वेगळ्या, आणि लीशशिवाय फिरणारा पाळीव कुत्रा त्यांपैकी कोणत्या हद्दीत पाऊल टाकतो हे मालकाला आधी कळत नाही. लाँग मेडोसारखे नव्वद एकरांचे कुरणही आपल्या वस्त्यांच्या मधोमध सापडणार नाही. त्यामुळे आपल्या शहरांत सुरुवात करायची झाली, तर ती दोन फाटके असलेल्या, कुंपणाच्या लहान जागेपासून, लसीकरणाचा दाखला दारातच पाहण्याच्या अटीवर व्हायला हवी, आणि वेळेच्या वाटणीचा विचार करायचा तो फक्त भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण नीट झालेल्या वस्तीतील मोठ्या मैदानापुरता.